ऑनलाइन अध्ययनमंच (नायगाव व नांदेड-लातूर परिसर)

शाळा, महाविद्यालये व विद्यापीठे पाठ, सराव, चाचणी आणि मार्गदर्शन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी इंटरनेटवरील जी व्यवस्था वापरतात, तिला ऑनलाइन अध्ययनमंच म्हणतात. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे नायगाव आणि त्याभोवतीची खेडी यांसारख्या भागात मोठ्या शहरातील शिकवणी, ग्रंथालय व प्रयोगशाळा सहज हाताशी नसतात. त्यामुळे अशा मंचाचे मोल येथे अधिक आहे, आणि त्याच्या मर्यादाही येथेच ठळक दिसतात.

प्रकार : कामानुसार या मंचांचे तीन गट पडतात. पहिला गट साहित्याच्या भांडारांचा. दीक्षा, ई-बालभारती व राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या गटात पूर्ण अभ्यासक्रम शिकवून प्रमाणपत्र देणारे मंच येतात. ‘स्वयम’ हा त्यांतील प्रमुख होय. तिसरा गट गूगल क्लासरूम, मूडल यांसारख्या वर्गव्यवस्थेचा. तेथे शिक्षक आपल्याच वर्गाला गृहपाठ देतो, तपासतो व शेरा लिहितो.

शालेय स्तर : दीक्षा हा राष्ट्रीय मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याच्या कल्पनेशी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव जोडलेले आहे. त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. बालभारतीच्या पुस्तकातील असा कोड मोबाइलवरील दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या पाठाचे साहित्य उघडते. कॅमेरा चालत नसेल तर कोडखालची सहा अक्षरे टाइप करूनही काम भागते. साहित्य एकदा डाउनलोड केले की ते नेटशिवाय पाहता येते. रेंज येत-जात असलेल्या गावात ही सोय सर्वांत उपयोगी ठरते.

करोनाकाळ : मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि तोवर पूरक मानलेले हे मंच शिक्षणाचा मुख्य मार्ग बनले. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या मालिकेतून अभ्यास पाठवला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठ्यपुस्तकांवर आधारित मालिका सुरू झाली. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता पण टीव्ही होता, तेथील मुलांना तिचा आधार मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ ही व्हॉट्सॲपवरील साप्ताहिक प्रश्नमंजूषा आली. प्रश्न मोबाइलवर येत, मूल पर्यायाचा क्रमांक पाठवी आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळे. वेगळे ॲप घ्यावे लागत नसल्याने पालकांच्या स्वस्त स्मार्टफोनवरही ती चाले.

उणिवा : ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरातील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्क्यांवर गेले. पण त्याच वर्षी फोन असलेल्या घरांतील सुमारे चतुर्थांश मुलांना तो अभ्यासासाठी मिळत नव्हता. घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर जातो, रिचार्ज संपतो, आणि दोन भावंडांचा तास एकाच वेळी असला तर बहुधा धाकट्याचा बुडतो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातील मुलांचा तर संपर्कच तुटतो. म्हणून अनेक शिक्षकांनी करोनाकाळात ओसरीवर, पारावर छोटे गट बसवून शिकवले. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले गेले. ऑनलाइन मंचाला जेथे वाट नव्हती, तेथे शिक्षकांनीच ती काढली.

उच्च शिक्षण : नायगावच्या शरदचंद्र महाविद्यालयासह या भागातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले असून नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे त्याचे कार्यक्षेत्र आहे. ‘स्वयम’चे लोकार्पण ९ जुलै २०१७ रोजी झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये सत्रातील २० टक्क्यांपर्यंत, तर २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मंचावरून घेऊन त्यांचे श्रेयांक पदवीत धरण्यास मुभा दिली. शिकणे विनामूल्य असते. प्रमाणपत्रासाठी मात्र नेमलेल्या केंद्रावर शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ संगणकाची कौशल्ये मराठीतूनही शिकवते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला त्याचा विशेष उपयोग होतो, कारण ‘स्वयम’वरील बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. नोकरी वा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) हा जुना पर्याय असून त्याचे विभागीय केंद्र नांदेडला आहे.

प्रवेशपरीक्षांची तयारी : सततच्या सराव व चाचण्यांवर भर देणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’मुळे लातूर व नांदेड ही वैद्यकीय-अभियांत्रिकी शिकवणीची मोठी केंद्रे झाली. पण तेथील फी, खोली व मेसचा खर्च अनेक शेतकरी कुटुंबांना झेपत नाही. नागपूरची ‘महाज्योती’ ही शासकीय संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट व एमएचटी-सीईटीसाठी मोफत टॅब, रोज ६ जीबी डेटा आणि ऑनलाइन शिकवणी देते. साधन, नेट व शिक्षक या तिन्ही गोष्टी एकत्र देणारी ही योजना म्हणून महत्त्वाची आहे.

मूल्यमापन : ऑनलाइन मंच साहित्याची टंचाई दूर करतो, पण मूल कुठे अडले हे विचारणारा शिक्षक, घरी हक्काची अभ्यासाची वेळ आणि स्वतःच्या भाषेतील पाठ यांची जागा तो घेऊ शकत नाही. व्हिडिओची लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे म्हणजे शिकवणे नव्हे. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर प्रश्न विचारला गेला, तरच ती लिंक शिक्षणाच्या कामी येते. नायगावसारख्या तालुक्यात शाळेतील संगणक कक्ष शाळा सुटल्यावरही उघडा ठेवणे आणि महाविद्यालयांनी ‘स्वयम’च्या अभ्यासक्रमाला स्थानिक प्राध्यापकाचे पाठबळ देणे, हे दोन उपाय नव्या ॲपपेक्षा अधिक गरजेचे आहेत.