दिवाणखान्यातली पिल्ले

आई मेलेले करडू किंवा कोंबडीचे एकटे राहिलेले पिल्लू घरात वाढवले, तर ते माणसाच्या पायांत घुटमळू लागते. 'लळा लागला' असे म्हणून आपण विषय संपवतो. पण लळा लागतो म्हणजे नेमके काय होते? तो कोणत्याही वयात लागतो का? हे प्रश्न प्रयोगाने तपासणारा एक माणूस १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्याचे नाव डग्लस स्पॉल्डिंग.

स्पॉल्डिंग मूळचा छपरे शाकारणारा कामगार. अ‍ॅबर्डीन विद्यापीठात प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांच्यामुळे त्याला विनाशुल्क शिकायला मिळाले. नजरेने अंतर ओळखणे हे प्राणी अनुभवाने शिकतो, असे बेन यांच्यासह त्या काळचे अनेक विचारवंत मानत. शिष्याने ते तपासायचे ठरवले. अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लांचे डोळे उघडण्याआधीच त्याने त्यांना टोपडी घातली. एक ते तीन दिवसांनी टोपडे काढले, तेव्हा ती पिल्ले काही मिनिटांतच किड्यांवर जवळजवळ अचूक चोच मारू लागली. म्हणजे अंतराचा अंदाज त्यांना शिकावा लागला नव्हता.

त्याहून महत्त्वाचे निरीक्षण पुढेच होते. चालू लागलेले पिल्लू समोर हलणाऱ्या कशाच्याही मागे जाई. मग ती कोंबडी असो, बदक असो वा माणूस. हे घडायला दाण्याची लालूच लागत नसे. मात्र जवळजवळ चार दिवस टोपड्यात ठेवलेली तीन पिल्ले टोपडे काढताच स्पॉल्डिंगला पाहून घाबरून पळाली. आदल्या दिवशी टोपडे काढले असते, तर तीच पिल्ले आपल्याकडे धावत आली असती, असे त्याचे मत होते. लळ्याला मुदत असते, हे येथे प्रथम स्पष्ट झाले. हा लेख १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी लॉर्ड अ‍ॅम्बर्ली यांच्या थोरल्या मुलाचा शिक्षक म्हणून तो त्यांच्या वेल्समधील रेव्हन्सक्रॉफ्ट या घरी राहायला आला. तेथे घर हीच प्रयोगशाळा झाली. लेडी अ‍ॅम्बर्ली प्रयोगांत मदत करीत, आणि पिल्ले दिवाणखान्यासह सर्व खोल्यांत धुडगूस घालीत. धाकटा मुलगा तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. तो म्हणजे पुढे तत्त्वज्ञ झालेला बर्ट्रांड रसेल. आपल्या आत्मचरित्रात त्याने या पिल्लांचा उल्लेख केला आहे. स्पॉल्डिंगने डुकराच्या पिल्लांवरही प्रयोग केले. जन्मताच पिशवीत घालून अंधारात ठेवलेले एक पिल्लू सात तासांनी आईपासून दहा फुटांवर सोडले. आई दिसत नव्हती. केवळ तिच्या आवाजावरून वाट काढत ते तिच्यापर्यंत पोचले.

पण हे घर टिकले नाही. १८७४ मध्ये घटसर्पाने लेडी अ‍ॅम्बर्ली व त्यांची सहा वर्षांची मुलगी गेली; १८७६ मध्ये लॉर्ड अ‍ॅम्बर्लीही वारले. मृत्युपत्रात मुलांच्या पालकांमध्ये स्पॉल्डिंगचे नाव होते, परंतु तो नास्तिक म्हणून मुले आजी-आजोबांकडे गेली. १८७७ मध्ये क्षयाने, चाळिशीच्या आतच, त्याचा मृत्यू झाला. त्याचे काम मागे पडले. पुढे १९१० च्या सुमारास ऑस्कर हाइनरोट यांनी आणि १९३५ मध्ये कोनराड लोरेन्झ यांनी हाच प्रकार पक्ष्यांत नव्याने वर्णिला. लोरेन्झ यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्पॉल्डिंगचा लेख १९५४ मध्ये पुन्हा छापून आणला तो जे. बी. एस. हाल्डेन यांनी. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले.

आपल्या वर्गात करडाला बाटलीने दूध पाजलेला एखादा विद्यार्थी असतोच. करडू घरात आले तेव्हा किती दिवसांचे होते, ते कोणामागे फिरते, बाटली नसतानाही फिरते का, कळपात सोडल्यावर काय करते, याची नोंद त्याला ठेवू द्यावी. पिल्लांचे डोळे झाकण्याची आता गरज नाही. तो त्रास पुन्हा कोणा जिवाला देऊ नये. मात्र माणसाच्या घरात वाढणाऱ्या पिल्लाला पहिल्या दिवसांपासून स्वजातीयांचीही सोबत मिळावी, एवढे त्या दिवाणखान्यातल्या पिल्लांकडून आपण नक्की शिकू शकतो.