फटीचं कुळ

केज तालुक्यातल्या नांदूरघाटात गाडीच्या दाराची फट बघायला कुणाला सवड नाही. काळी-पिवळी जीप भरली की शेवटी बसलेला माणूस दार आपटतो. लागलं तर ठीक, नाही तर ड्रायव्हर खाली उतरून स्वतः आपटतो. अशा गावी बसून जुन्या स्पोर्ट्स कारच्या दोन पत्र्यांमधल्या चार मिलिमीटरचा इतिहास सांगायचा म्हणजे आगाऊपणाच. पण या फटीचं कुळ धुंडाळायला निघालं की वाटेत सुतार लागतो, कल्हईवाला लागतो, सोलापूरचे वालचंद हिराचंद लागतात आणि शेवटी आपल्याच मराठवाड्यातली शेंद्र्याची एमआयडीसी लागते.

फट मुळात सुताराची. दार चौकटीत बसवताना कुठलाही जाणता सुतार थोडी जागा मोकळी सोडतो, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांनाही हेच करावं लागे आणि पहिल्या मोटारींची अंगं याच कारागिरांनी बांधली. मद्रासची सिम्पसन कंपनी 1840 साली बग्ग्या बांधायला निघाली आणि पुढं मोटारींकडे वळली. सगळीकडे साधारण हीच वाट होती. आत लाकडाचा सांगाडा, वरून खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. रस्त्यावर हा सांगाडा कुरकुरायचा, पिळवटायचा. दार घट्ट बसवलं तर अडकणार, सैल बसवलं तर खडखडणार. म्हणून दाराची कड चौकटीवर थोडी चढवून ठेवायची, मडगार्ड आणि बॉडीच्या सांध्यात बीडिंगची पट्टी घालायची. फट होतीच, पण झाकलेली. तिच्या सारखेपणाची उठाठेव करायचं कुणाला कारण नव्हतं.

लाकूड हटवलं अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी. 1914 च्या सुमाराला डॉज बंधूंच्या मोटारीसाठी त्यांनी सगळी पोलादी बॉडी बनवायला घेतली. प्रेसखाली दाबलेले पत्रे एकमेकांना वेल्डिंगने जोडायचे, खिळा नाही की सुतार नाही. 1920 च्या दशकात सित्रोएनने हेच तंत्र फ्रान्समध्ये नेलं. तरीही मडगार्ड वेगळे, हेडलाइट वेगळे, पायऱ्या वेगळ्या अशी तुकड्यातुकड्यांची मोटार चालूच राहिली. तुकड्यांच्या गाडीत फटीकडे लक्ष जात नाही. बघण्यासारखं इतर बरंच असतं.

फट उघडी पडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. इटलीत पिनिन फारिना यांनी 1947 मध्ये सिसिटालिया 202 ही छोटी स्पोर्ट्स कार घडवली. मडगार्ड, बोनेट, दारं, सगळं एकाच कातडीखाली घेतलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1951 साली आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं त्यात ही होती. आता दार चौकटीवर चढत नव्हतं, शेजारच्या पत्र्याच्या पातळीत येऊन थांबत होतं. मधली रेघ लपवायला बीडिंग उरलं नाही. ती रेघ एका टोकाला तीन मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला सात असली, तर सगळ्या अंगाची रया जाते. डोळ्याला रुंदी फारशी खुपत नाही, फरक खुपतो. सहा मिलिमीटरची सरळ फट चालून जाते, पण चारावरून दोनावर निमुळती होत गेलेली फट लांबूनही दिसते.

प्रेस मात्र तितकी अचूक नव्हती. थोड्या संख्येत निघणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी महागडे साचे कोण बनवणार? मग साच्याचं काम हाताने भरून काढायचं. पोर्शे 356 च्या दारांवर आणि पुढच्या-मागच्या झाकणांवर त्या-त्या गाडीच्या नंबरचे शेवटचे आकडे ठोकलेले सापडतात. दार त्याच गाडीच्या अंगावर बसवून, घासून, भरून नेमकं करायचं, मग रंगासाठी काढायचं. परत लावताना शेजारच्या गाडीचं दार आलं तर केलेलं सगळं वाया. म्हणून नंबर. एकाच कारखान्यातल्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांची दारं अदलाबदल करता येत नसत, हे आज ऐकायला नवल वाटतं.

भरण्याचं काम शिशाचं. 1961 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली जॅग्वार ई-टाइप असो की तिच्या आगेमागे निघालेल्या इतर इंग्लिश गाड्या, पत्र्यांचे सांधे आणि कडा शिशाने भरून कानशीने उतरवलेल्या असत. साधारण सत्तर टक्के शिसं आणि तीस टक्के कथील असा मिश्रधातू घेतात. त्यामागं कारण आहे. तो एकशे त्र्याऐंशी अंशांना मऊ व्हायला लागतो आणि अडीचशेच्या पुढं जाऊन पुरता वितळतो. मधल्या टप्प्यात तो मळलेल्या कणकेसारखा राहतो, उभ्या पत्र्यावरूनही ओघळत नाही. चरबी लावलेल्या लाकडी थापीने तो दाबत, पसरत न्यायचा. पण थेट पत्र्यावर शिसं धरत नाही. आधी पत्रा तापवून, फ्लक्स लावून, त्यावर कथलाचा पातळ हात द्यावा लागतो. म्हणजे कल्हईच. भट्टीवर पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवून चिंधीने पुसून घ्यायचं, हे गावोगाव फिरणाऱ्या कल्हईवाल्याला येतच होतं. जॅग्वारच्या कॉव्हेंट्रीतल्या कारागिराने ते पाहिलं असतं तर त्याला काही समजावून सांगावं लागलं नसतं. शिशाची धूळ विषारी, म्हणून ते कोरडं घासायचं नाही, कानशीनेच उतरवायचं. पुढं पॉलिएस्टरची लांबी आली आणि हे कसब मागं पडलं. लांबी स्वस्त आणि सोपी, पण दाराच्या कडेवर जाड भरली तर एक दिवस आपटण्याने तिचा टवका उडतो. कडेला शिसंच बरं, असं जुनी कामं करणारे अजून म्हणतात ते उगाच नाही.

जुळवणीचा क्रमही याच काळात पक्का झाला. जे हलवता येत नाही तिथून सुरुवात करायची. मागचा मडगार्ड बॉडीला वेल्ड केलेला असतो, म्हणून आधी दार त्याच्याशी जुळवायचं. मग बोल्टवर असलेला पुढचा मडगार्ड दाराशी, आणि बोनेट सगळ्यांत शेवटी. पुढून सुरू केलं की मागं जाता-जाता सगळी चूक शेवटच्या सांध्यात साठते आणि तिथं हलवायला काही उरत नाही. दार जुळवताना लॉक जिच्यात अडकतं ती कडी काढून ठेवायची. ती जागेवर असली तर लोंबणारं दार उचलून धरते आणि बिजागरी बरोबर आहे असं खोटंच वाटतं. बिजागरीखाली पातळ पत्र्याचे तुकडे, म्हणजे पॅकिंग, घालून दार बाहेर काढायचं किंवा काढून घेऊन आत घ्यायचं. नवा रबर रंगाआधीच एकदा लावून बघायचा, कारण जाड रबर दाराला बाहेर ढकलतो आणि हे रंगानंतर कळलं तर कपाळावर हात मारण्याखेरीज काही राहत नाही. शिवाय प्रायमर आणि रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात, म्हणून कोऱ्या पत्र्यात फट हव्या त्याहून केसभर जास्त ठेवायची. मोजायला महागडं हत्यार लागत नाही. चार एमएमच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवला की कुठं अडतो आणि कुठं डुलतो ते कळतं.

उघड्या स्पोर्ट्स कारची गोष्ट आणखी अवघड. छत नसल्यामुळे गाडीला तोलून धरायचं काम दाराखालच्या पेटीसारख्या भागावर येतं. आपले डेंटर त्याला रनिंग बोर्डच म्हणतात. तो गंजला आणि घाईने कापला की गाडी मधोमध खचते. दाराची वरची फट मिटते, खालची उघडते. त्यामुळे कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा टेकू वेल्ड करतात आणि फट तपासताना गाडी चाकांवर, तिच्या पूर्ण वजनावर उभी ठेवतात. जॅकवर नेमकी जुळलेली दारं खाली उतरवल्यावर अडकलेली पाहून गॅरेजमध्ये जी शांतता पसरते ती अनुभवावीच. ई-टाइपमध्ये तर बोनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून एकच भलंमोठं झाकण, पुढच्या टोकाला बिजागरी असलेलं. पुढची फ्रेम जराशी वाकडी असली तर नाकापासून दारापर्यंतची प्रत्येक फट बिघडते.

महाराष्ट्रात हे ज्ञान पोचलं ते स्पोर्ट्स कारमधून नव्हे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडायला सुरुवात केली. पेट्यांतून आलेले भाग इथं बोल्टने बांधले जात. 1953 नंतर केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने देशात जागा ठेवली नाही आणि 1954 मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. तोवर वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला उभी राहिली होती. कंपनी 1944 ची, पहिल्या गाड्या 1947 च्या. फियाट 1100 चं जुनं रूप, म्हणजे मुंबईची लाडकी ‘डुक्कर फियाट’, हिच्या पुढच्या दारांना मागून बिजागरी. पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या एकाच पिलरवर. तो पिलर ढिला झाला की त्या बाजूच्या दोन्ही दारांची गणितं बिघडायची. 1964 मध्ये डिलाइट आली, तिला पुढून बिजागरी. हीच पुढं 1974 पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली.

साचे जुने होत गेले आणि गाड्या निघतच राहिल्या. पद्मिनीचं उत्पादन शतक संपता-संपता थांबलं. टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली, वीस वर्षांची मर्यादा संपेपर्यंत. मुंबईची खारी हवा आणि पावसाळा खालून पत्रा खात होते आणि प्रवासी दिवसभर दारं आपटत होते. लोंबलेलं दार वर घ्यायची देशी युक्ती अजून गावोगावच्या गॅरेजांत दिसते: बिजागरीत हातोड्याचा लाकडी दांडा ठेवायचा आणि दार हलकेच मिटत न्यायचं, बिजागरीच वाकते. पुस्तकात ही रीत बसत नाही, पण हात सरावलेला असेल तर मिलिमीटरच्या हिशेबाने साधते. हात सरावलेला नसेल तर बिजागरीच्या मुळाशी पत्राच फाटतो.

स्पोर्ट्स कार म्हणून आपल्याकडे घडलेली गाडी बघायची तर अलिबागची चिंकारा रोडस्टर. फायबरग्लासचं अंग आणि अँबेसेडरमध्ये येत असे ते 1.8 लिटरचं इसुझू इंजिन. फायबरमध्ये मात्र हातोडा, शिसं, वाकवणं काहीच चालत नाही. साच्यातून जे निघालं ते घासायचं, नाही तर थर देऊन वाढवायचं.

आणि शेंद्रा. क्रायस्लरमध्ये असताना बॉब लुट्झ यांनी फोक्सवॅगनचे फर्डिनांड पिएख यांना विचारलं, नव्या गोल्फच्या फटी इतक्या बारीक कशा केल्या? पिएख यांनी बॉडी इंजिनिअर बोलावून सहा आठवड्यांची मुदत दिली होती, नाही जमलं तर नोकरी गेली, एवढंच तंत्र. लुट्झ यांनीच सांगितलेली गोष्ट आहे, तिच्यात थोडं मीठमसाला असेलही. पण त्याच गोल्फच्या सांगाड्यावरची स्कोडा ऑक्टाव्हिया 2001 पासून शेंद्र्यात जोडली जाऊ लागली आणि काटेकोर फटींचा हा हट्ट मराठवाड्याच्या माळरानावर आला. आता ते काम वेल्डिंगचे सांगाडे आणि मोजमापाची यंत्रं करतात.

याचा उलटा परिणाम जुन्या गाड्यांवर झाला. नव्या गाडीची तीन मिलिमीटरची फट बघून सरावलेला मालक जुन्या एमजी स्पोर्ट्स कारला किंवा डुक्कर फियाटलाही तेवढीच मागतो. ही मागणी मला चुकीची वाटते. त्या गाड्या कारखान्यातून पाच-सहा मिलिमीटरच्या, थोड्या असमान फटी घेऊनच निघाल्या होत्या. तीन मिलिमीटरची डुक्कर फियाट कधी जन्मलीच नव्हती, ती दिसायला देखणी पण बनावट. म्हणून समजूतदार डेंटर गाडी उघडण्याआधी, रंगाला हात लावण्याआधी, जिथं मूळ पत्रा अजून शिल्लक आहे अशा प्रत्येक सांध्याची फट मोजतो, खडूने आकडा तिथंच लिहितो आणि मोबाइलवर फोटो काढतो. मागच्या मडगार्डपाशी किती, दाराच्या खालच्या कोपऱ्यात किती, बोनेटच्या डाव्या-उजव्या बाजूला किती, सगळं. मालक नंतर हुज्जत घालायला आला की तो फोटो दाखवतो.