पाँपेईचा फेरफटका : वाटाड्याची गोष्ट व दगडांची साक्ष

नेपल्सच्या आग्नेयेस सुमारें १५ मैलांवर, व्हेसुव्हियस पर्वताच्या पायथ्याशीं पाँपेई नांवाचें रोमन शहर आहे. ‘आहे’ म्हणावयाचें तें अशासाठीं कीं त्याचे रस्ते, चव्हाटे, घरें, देवळें, दुकानें, स्नानगृहें आणि नाट्यगृहें हीं सर्व जागच्या जागीं आहेत. नाहींत तीं फक्त तेथलीं माणसें. सकाळीं फाटक उघडलें कीं देशोदेशींचे प्रवासी आंत शिरतात, एखाद्या वाटाड्याच्या मागून घोळक्यानें हिंडतात, आणि सायंकाळीं फाटक बंद झालें कीं तेथें पुन्हां सरड्यांचें राज्य सुरू होतें. अलीकडे ही गर्दी इतकी वाढली कीं दिवसाला २०,००० हून अधिक लोकांना आंत सोडावयाचें नाहीं, असा नियम २०२४ च्या नोव्हेंबरपासून करावा लागला.

प्रवासी येथें येतो तो पाहण्यासाठीं. परंतु पुष्कळसें पाहणें कानांनींच होतें. मोडकी भिंत ही मोडकी भिंतच दिसते. ती खानावळीची होती कीं न्यायालयाची, हें कोणी सांगितल्यावाचून कळत नाहीं. त्यामुळें पाँपेईला दोन इतिहास लाभले आहेत. एक त्या शहराचा, आणि दुसरा त्या शहराविषयीं गेलीं पावणेतीनशें वर्षें सांगण्यांत आलेल्या गोष्टींचा. हे दोन इतिहास कोठें जुळतात आणि कोठें एकमेकांपासून दूर जातात, हें ध्यानांत ठेवून तेथून पायीं फिरलें म्हणजे त्या दगडांचें मोल अधिक कळतें.

इ. स. ७९ मध्यें, टायटस हा रोमचा बादशहा असतांना, व्हेसुव्हियसचा स्फोट झाला. उपसागराच्या पलीकडल्या तीरावरून तो पाहणारा १७ वर्षांचा तरुण प्लिनी ह्यानें पुढें इतिहासकार टॅसिटस ह्यास दोन पत्रें लिहिलीं. त्यांत पर्वतावर उठलेल्या धुराच्या स्तंभाला त्यानें पाईन वृक्षाची उपमा दिली आहे. त्याचे मामा थोरले प्लिनी हे आरमाराचे अधिपति होते. लोकांच्या सुटकेसाठीं ते गलबतें घेऊन गेले आणि तिकडेच मरण पावले. पाँपेईवर दुपारपासून हलक्या, सच्छिद्र दगडांचा वर्षाव सुरू झाला. तो रात्रभर चालला, आणि त्याच्या भारानें छपरें कोसळलीं. ह्या अवधींत पुष्कळ लोक निसटले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तप्त वायु आणि राख ह्यांचे लोट पर्वतावरून वेगानें खालीं आले व जे मागें राहिले होते त्यांचा अंत झाला. शहराची वस्ती १० ते १२ हजार असावी असा अंदाज आहे. आजवर सांपडलेले मृतावशेष ११०० हून थोडे अधिक भरतात.

ह्या दिवसाची तारीख हाच पहिला वादाचा विषय. प्लिनीच्या पत्रांच्या प्रचलित हस्तलिखितांत ती २४ ऑगस्ट अशी येते, आणि कित्येक पिढ्या वाटाड्यांनीं ती तशीच सांगितली. परंतु उत्खननांत शरद ऋतूंतील फळें मिळालीं, घरांतून शेगड्या मांडलेल्या आढळल्या. भर उन्हाळ्यांत शेगडीचें काय काम, अशी शंका अभ्यासकांना येऊं लागली. २०१८ सालीं एका घराच्या भिंतीवर कोळशानें खरडलेली एक ओळ सांपडली. तींतील दिवस आपल्या गणनेप्रमाणें १७ ऑक्टोबर हा होता. कोळशाची अक्षरें भिंतीवर फार काळ टिकत नाहींत. तेव्हां स्फोट त्यानंतर थोड्याच दिवसांनीं झाला असावा, हें मत त्यामुळें बळावलें. त्या ओळींत साल दिलेलें नाहीं, म्हणून वाद पुरता मिटलेला नाहीं. तरीपण एका अनामिकाच्या खरडण्यानें एका थोर लेखकाच्या पोथीला प्रश्न विचारावा, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

उत्खननास १७४८ मध्यें आरंभ झाला, तेव्हां नेपल्सच्या राजाला हवे होते ते पुतळे, चित्रें आणि मौल्यवान वस्तु. हें शहर पाँपेईच होय, हेंसुद्धां १७६३ सालीं एका शिलालेखावरून निश्चित झालें. कोणी मोठा पाहुणा यावयाचा असला म्हणजे आधीं सांपडलेल्या वस्तु पुन्हां मातीखालीं ठेवीत आणि पाहुण्याच्या समक्ष त्या ‘प्रथमच’ उकरून काढीत. पाहुणा प्रसन्न होऊन जाई. इतिहासाच्या हातीं मात्र कांहीं लागत नसे. ह्या रीतीला आळा बसला तो ज्युझेप्पे फियोरेली ह्यांच्या कारकीर्दींत. १८६३ पासून ते तेथील प्रमुख झाले. त्यांनीं शहराचे नऊ विभाग पाडले, प्रत्येक विभागांतील वस्त्यांना आणि प्रत्येक दाराला क्रमांक दिले. वस्तु कोठें सांपडली ह्याला वस्तूइतकेंच महत्त्व आहे, हा धडा त्या क्रमांकांनीं घालून दिला. आजचा वाटाडाही त्याच क्रमांकांवरून वाट काढतो.

समुद्राच्या बाजूच्या वेशींतून चढ चढून आंत गेलें कीं थोड्याच अंतरावर मुख्य चव्हाटा लागतो. सुमारें ४६५ फूट लांब आणि १२५ फूट रुंद असा हा चौक. त्याच्या उत्तर टोकाला ज्युपिटरचें देऊळ, आणि त्या देवळामागें नेमका व्हेसुव्हियस. भोंवतालीं न्यायालय, बाजार आणि देवालयें. चौकांत गाड्या शिरूं नयेत म्हणून तोंडाशीं दगड रोवलेले आहेत. येथल्या कित्येक भिंती अर्धवट उभ्या दिसतात, आणि ही सर्व स्फोटाची करणी असें नवख्यास वाटतें. वास्तविक स्फोटापूर्वीं सतरा वर्षें, इ. स. ६२ मध्यें, ह्या शहरास मोठा भूकंपाचा धक्का बसला होता, आणि त्यांतून सांवरण्याचें काम अखेरच्या दिवसापर्यंत चालूच होतें. गवंड्यांच्या हातांतील काम तसेंच राहिलें.

चव्हाट्यावरून पूर्वेकडे जो लांब रस्ता जातो त्याला ‘समृद्धीचा मार्ग’ म्हणतात. हें नांव रोमन लोकांनीं ठेवलेलें नव्हे. रस्त्यालगतच्या एका कारंज्यावर फळाफुलांनीं भरलेलें शिंग घेतलेली एक स्त्री कोरलेली आहे. ती समृद्धि देवता असावी अशा समजुतीनें उत्खनन करणारांनीं रस्त्याला तें नांव दिलें. पुढें ती कॉन्कॉर्डिया, म्हणजे ऐक्याची देवता, असल्याचें ठरलें. रस्त्याचें नांव मात्र कायम राहिलें. रस्त्याच्या कडेला उंच पदपथ आहेत, आणि एका पदपथावरून दुसऱ्यावर पाय न भिजवतां जातां यावें म्हणून मधोमध मोठाले दगड बसवले आहेत. त्या दगडांमधून गाड्यांचीं चाकें वर्षानुवर्षें गेल्यामुळें फरसबंदींत खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. गोष्टींचेंही तसेंच होतें. एक वाटाडा जें सांगतो तेंच दुसरा सांगतो, आणि हळूहळू त्या सांगण्याचीही चाकोरी पडते.

अशा चाकोरीचें एक प्रसिद्ध उदाहरण शहराच्या वायव्येकडील वेशीपाशीं आहे. तेथील एका कोनाड्यांत पहारेकऱ्याचा सांगाडा सांपडला, राखेचा पाऊस पडत असतांही त्यानें आपली जागा सोडली नाहीं, अशी कथा एकोणिसाव्या शतकांत घरोघर पोंचली होती. एडवर्ड पॉइंटर ह्या इंग्रज चित्रकारानें १८६५ सालीं तिच्यावर एक गाजलेलें चित्र काढलें. पण तो कोनाडा पहाऱ्याची चौकी नव्हताच. तें एका नागरिकाचें थडगें होतें. त्या काळच्या यूरोपला कर्तव्यनिष्ठ शिपाई हवा होता, म्हणून तो तेथें दिसला.

ज्यांच्याविषयीं कोणी कथा रचली नाहीं अशीं माणसेंही ह्या शहरांत पुष्कळ होतीं. शहराच्या मध्यभागांतील एका भटारखान्यांत १८६२ सालीं भट्टींतून जळून कोळसा झालेले ८१ पाव निघाले. अंगणांत लाव्हाच्या दगडाचीं पुरुषभर उंचीचीं जातीं उभीं आहेत. प्रवाशांना त्या पावांचें मोठें कौतुक वाटतें. हीं जातीं कोण फिरवीत असे, हें कळण्यास २०२३ सालच्या एका शोधानें मदत केली. त्या सालीं दुसऱ्या एका घरांत असाच भटारखाना उघडा पडला. त्याला बाहेर जावयास वाट नव्हती, आणि ज्या थोड्या लहान खिडक्या होत्या त्यांना लोखंडी गज होते. गाढवें आणि गुलाम ह्यांना तेथें एकत्र कोंडून त्यांच्याकडून धान्य दळून घेत. गाढवांचीं पावलें नेमकीं पडावींत म्हणून जमिनीच्या दगडांत खांचा पाडलेल्या होत्या. त्या खांचा पाहिल्यावर ८१ पावांकडे पाहण्याची दृष्टि बदलते.

फेरफटक्यांतील सर्वांत जड क्षण येतो तो मृतांच्या आकृतींपाशीं. राख देहांभोंवतीं बसली आणि घट्ट झाली. देह कुजून गेले, आणि राखेंत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३ मध्यें फियोरेली ह्यांनीं अशा पोकळींत पातळ प्लॅस्टर ओतविलें, तें सुकल्यावर भोंवतालची राख काढली, आणि मरणाच्या क्षणींचा मनुष्य जसाच्या तसा प्रकट झाला. अशा शंभराच्या आसपास आकृति आज आहेत. एका घरांत सोन्याचें जड कंकण घातलेली एक व्यक्ति आणि तिच्याजवळ एक बालक सांपडलें. कंकण आहे, मूल आहे, तेव्हां ही माता, असें ठरून गेलें, आणि हजारों प्रवाशांचे डोळे तेथें पाणावले. २०२४ सालीं ह्या आकृतींतील हाडांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. कंकण घातलेली व्यक्ति पुरुष होती, आणि त्या बालकाशीं तिचें रक्ताचें नातें नव्हतें. तो कोण होता, घरचा चाकर कीं शेजारी, कीं वाटेंत भेटलेला परका, हें कळण्यास मार्ग नाहीं. परंतु शेवटच्या घटकेस एक पुरुष दुसऱ्याच कोणाच्या मुलाजवळ होता, एवढें निश्चित झालें. आईची गोष्ट गेली; जें उरलें तें कमी करुण नाहीं.

मराठी माणसाची परीक्षा पाहणारें स्थळही ह्याच शहरांत आहे. समृद्धीच्या मार्गाच्या दक्षिणेस एक घर आहे. त्याला आतां ‘भारतीय मूर्तीचें घर’ म्हणतात. १९३८ सालीं अमेदेओ माय्यूरी ह्यांच्या देखरेखीखालीं तेथें हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति मिळाली. मूर्ति वीतभर उंचीची. अंगावर ठसठशीत अलंकार, दोन्ही बाजूंस प्रसाधनाचें साहित्य घेतलेल्या दोन दासी. सध्यां ती नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. प्रथम तिला लक्ष्मी म्हणण्यांत आलें. पुढें ती यक्षी असावी, असें मत पुढें आलें, आणि मस्तकावरील छिद्रावरून ती आरशाची मूठ किंवा आसनाचा पाया असावी असेंही म्हणूं लागले. पुढें जालना जिल्ह्यांतील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथील उत्खननांत आणि तेर येथें अगदीं तिच्याच वळणाच्या हस्तिदंती मूर्ति मिळाल्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठण आणि तगर, म्हणजे तेर, येथून माल गाड्यांनीं भडोच बंदरास जात असल्याचें वर्णन आहे, आणि त्या बंदरांतून बाहेर जाणाऱ्या मालांत हस्तिदंतही आहे. तेव्हां पाँपेईची ही यक्षी गोदावरीच्या खोऱ्यांतून गेली, असें म्हणण्याचा मोह कोणा महाराष्ट्रीयास होणार नाहीं?

पण मूर्तीच्या तळाशीं एक अक्षर कोरलेलें आहे, आणि तें खरोष्ठी लिपींतील आहे. ती लिपि हिंदुस्थानच्या वायव्येकडील. म्हणजे मूर्तीचें वळण मराठवाड्याकडे बोट दाखवतें, तर अक्षर गांधाराकडे. कदाचित् ती एका ठिकाणीं घडली आणि दुसऱ्या मार्गानें गेली असेल. निकाल लागलेला नाहीं. इंग्रजांना शिपाई हवा होता तो त्यांना दिसला, ह्याबद्दल हंसणें सोपें आहे. आपल्या घरची मूर्ति आपल्याला हवी असतांना तें एक अक्षर विसरून न जाणें कठीण आहे.

रस्त्याच्या अखेरीस शहराची भव्य रंगभूमि लागते. इसवी सनापूर्वीं ७० च्या सुमारास बांधलेली ही वास्तु आपल्या प्रकारच्या ज्ञात दगडी इमारतींत सर्वांत जुनी असून तींत सुमारें २०,००० माणसें बसत. इ. स. ५९ मध्यें येथें द्वंद्वयुद्धांचे खेळ चालू असतांना पाँपेईकर आणि शेजारच्या न्यूसेरिया गांवचे लोक ह्यांच्यांत दंगल होऊन रक्तपात झाला, आणि रोमच्या सेनेटनें असले खेळ दहा वर्षें बंद ठेवले, असें टॅसिटस लिहितो. पाँपेईच्याच एका घराच्या भिंतीवर ह्या दंगलीचें चित्र मिळालें आहे. ग्रंथ, चित्र आणि वास्तु ह्या तिघांची साक्ष जुळावी, असा योग इतिहासांत क्वचितच येतो.

ज्वालामुखीनें जें राखलें त्याला मनुष्यानें मात्र धक्के दिले. १९४३ मध्यें दोस्तांच्या विमानांचे दीडशेंहून अधिक बाँब ह्या भग्नावशेषांवर पडले. २०१० च्या नोव्हेंबरांत समृद्धीच्या मार्गावरील एक मोठी इमारत पावसांत कोसळली, आणि त्यानंतरच डागडुजीचें काम मोठ्या प्रमाणावर हातीं घेण्यांत आलें. शहराचा सुमारें एक तृतीयांश भाग अजून राखेखालीं आहे, आणि त्यांतील बराचसा हेतुपुरस्सर तसाच ठेवला आहे. आज जें समजत नाहीं तें अधिक चांगल्या साधनांनीं उद्यांच्या लोकांना समजेल, हा त्यामागील विचार. आजचा चांगला वाटाडाही कंकणाच्या आकृतीपाशीं उभा राहून पूर्वीं काय सांगत असत तें सांगतो, मग आतां काय कळलें आहे तें सांगतो, आणि बाकीचें मोकळें ठेवून पुढें चालूं लागतो.