परतीचं भाडं

पुण्याहून माल घेऊन मुंबईला गेलेला टेम्पोवाला परतताना मिळेल त्या भाड्यावर माल भरतो. डिझेल तसंही जळणारच असतं. अमेरिकेतलं सोयाबीन आणि पशुखाद्य कंटेनरमधून आशियाला जातं, त्यामागे हेच गणित आहे. निर्यातीचा मोठा हिस्सा आजही बल्क जहाजांतून, सुटा ओतूनच जातो. पण कंटेनरचा छोटा हिस्सा समजून घ्यायचा तर आधी पोत्याकडे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत गहू पोत्यांतून फिरे. पोतं कुणाचं हे शेवटपर्यंत कळे. 1842 मध्ये जोसेफ डार्टने बफेलो बंदरात वाफेवर चालणारं ‘एलिव्हेटर’ उभारलं. पट्ट्यावरच्या बादल्या सुटं धान्य उपसून उंच कोठारात टाकत. शिकागोने हे तंत्र उचललं. पण एकाच कोठारात दहा जणांचा गहू मिसळल्यावर कुणाचा कुठला? 1848 मध्ये स्थापन झालेल्या शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडने 1856 पासून गव्हाच्या प्रती ठरवायला सुरुवात केली. शेतकऱ्याला पावती मिळू लागली, त्याच्या गव्हाची नव्हे, तर त्या प्रतीच्या तितक्याच गव्हाची. प्रत राहिली, शेत पुसलं गेलं.

बरोबर शंभर वर्षांनी, 26 एप्रिल 1956 रोजी, माल्कम मॅकलीनचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज 58 खोकी घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. शिकागोने आतला माल एकसारखा केला होता. पुढे कंटेनरने बाहेरचं खोकं एकसारखं केलं. आम्हा प्रोग्रॅमर मंडळींना हा फरक चटकन कळतो: पाकिटाचं माप पक्कं असलं की आत काहीही असू शकतं.

आशियातून टीव्ही, कपडे, फर्निचर घेऊन आलेली खोकी रिकामी परतू लागली, तेव्हा जहाज कंपन्या परतीची जागा स्वस्तात देऊ लागल्या. जोलिएटजवळ, जुन्या दारूगोळा कारखान्याच्या जमिनीवर 2002 मध्ये मोठं रेल्वे यार्ड सुरू झालं. गोदामांत रिकामी झालेली खोकी इथे इलिनॉयच्या शेतांजवळच मिळतात. दारापाशी आतून आडोसा लावायचा आणि कन्व्हेयरने धान्य सोडायचं. चाळीस फुटी खोक्यात साधारण 26 टन मावतं. पॅनामॅक्स बल्क जहाजात साठ हजार टनांहून जास्त. एवढं जहाज छोट्या गिरणीला कसं परवडणार? पण दहा खोकी परवडतात. जपानी टोफूवाल्याला हवं ते ठरावीक वाण वेगळं ठेवून पाठवता येतं. पोतं परतलं होतं, आता पोलादाचं.

2005 आणि 2007 च्या इंधन कायद्यांनी मक्यापासून इथेनॉल करणं वाढवलं. मक्याचा सुमारे एक तृतीयांश भाग चोथा म्हणून उरतो. तो वाळवून पशुखाद्य होतं. हा चोथा चीन, व्हिएतनामकडे अशा खोक्यांतूनही जाऊ लागला. जानेवारी 2017 मध्ये चीनने त्यावर चाळीस टक्क्यांहून अधिक अँटी-डंपिंग शुल्क लावलं. तो धक्का सरकारी होता.

2021 चा धक्का मात्र टेम्पोवाल्याच्या गणितातूनच आला. शांघाय ते लॉस एंजेलिस एका खोक्याचं भाडं दहा हजार डॉलरच्या वर गेलं. मग खोकं शिकागोपर्यंत नेऊन, धान्य भरून परत आणण्यात आठवडे कोण घालवणार? कंपन्यांना खोकी रिकामी धाडणंच फायद्याचं झालं. माल तयार, गिऱ्हाईक तयार, खोकं नाही, अशी निर्यातदारांची स्थिती झाली. 16 जून 2022 रोजी अमेरिकेत कायदा झाला: निर्यातीच्या मालाला जहाजात जागा अवास्तव कारणाने नाकारायची नाही.

कायद्याने नकाराला चाप बसला, पण गणित बदललं नाही. शेत पुसण्यापासून वाचवणारं हे खोकं शेतकऱ्यासाठी बनलेलंच नव्हतं. शिकागोत सोफे खपतात तोवर ते येतं, आणि सोफ्यांना फारच घाई झाली की ते धान्यासाठी थांबत नाही.