शेवटची आच कोणाच्या हाती? : कॉफीच्या घरगुती भाजणीचा इतिहास

इ. स. १७८१ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने फर्मान काढले की, यापुढे कॉफी भाजण्याचा अधिकार सरकारचा. सरदार, धर्मगुरू, लष्करी अधिकारी अशा वरच्या वर्गातल्या लोकांना परवाने मिळत. बाकीच्यांनी सरकारी भट्टीतून आलेली, डबाबंद आणि महागडी कॉफी घ्यायची. प्रशियाकडे कॉफी पिकवणारी वसाहत नव्हती. कॉफीपायी देशातला पैसा बाहेर जातो हे राजाचे दुखणे होते, आणि तिजोरीत भरही हवीच होती. पण लोक कच्चे दाणे चोरून मिळवत आणि घरच्या चुलीवर भाजत. त्यांना पकडायचे कसे? भाजली जाणारी कॉफी लपत नाही, तिचा वास चार घरे ओलांडून जातो. म्हणून लढाईत जायबंदी झालेले सुमारे चारशे सैनिक नेमले गेले. गल्लीबोळांतून वास घेत हिंडायचे, एवढेच त्यांचे काम. लोक त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ म्हणत. १७८६ साली राजा वारला आणि पाठोपाठ ही पद्धतही मोडीत निघाली.

आज हा प्रसंग विनोदी वाटतो. पण फ्रेडरिकला एक गोष्ट नेमकी कळली होती. कॉफी पिकवणारा एक, वाहून नेणारा दुसरा आणि पिणारा तिसरा. या साखळीत जो शेवटची आच देतो, त्याच्या हाती चव, किंमत आणि दाण्याची ओळख असे तिन्ही जाते. ही आच घरातून बाहेर कशी गेली आणि गेल्या काही दशकांत तिचा थोडासा अंश घरात परत कसा आला, हे पाहण्यासारखे आहे.

त्याआधी भाजण्याने काय होते ते पाहू. कॉफीचा कच्चा दाणा हिरवट-करडा आणि दगडासारखा टणक असतो. त्याला वास येतो तो फार तर सुक्या गवताचा किंवा कच्च्या वाटाण्याचा. त्यात दहा-बारा टक्के पाणी असते. आच लागली की आधी हे पाणी उडते. दाणा पिवळा पडतो, पाव भाजल्यासारखा वास सुटतो आणि मग तो तपकिरी होऊ लागतो. दाण्याचे तापमान दोनशे अंश सेल्सिअसच्या जवळ आले की आतल्या वाफेने आणि वायूने तो फुटतो. लाह्या फुटाव्यात तशी तडतड ऐकू येते. दाणा फुगतो आणि त्यावरचा पातळ पापुद्रा सुटतो. इथे थांबले तर फळाचा आंबटगोडपणा आणि जमिनीचा, उंचीचा, जातीचा गुण कपात उतरतो. आच चालू ठेवली तर सव्वादोनशे अंशांच्या सुमारास दुसरी, बारीक तडतड होते, दाण्यावर तेल चमकू लागते आणि कडवट, धुरकट चव वर येते. या पायरीनंतर उत्तम बागेचा दाणा आणि सामान्य बागेचा दाणा यांतला फरक झपाट्याने पुसला जातो. कच्चा दाणा नीट ठेवला तर कित्येक महिने टिकतो. भाजलेल्याचा सुगंध मात्र काही आठवड्यांतच उतरू लागतो. पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टींवर उभा आहे.

अरेबिका कॉफीचे मूळ घर इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ जंगलांत आहे. तिथे कॉफीला ‘बुन्ना’ म्हणतात. अरबीत दाण्याला ‘बुन्न’ म्हणतात, आणि आपल्या जुन्या मराठीतला कॉफीसाठीचा ‘बुंद’ हा शब्द याच कुळातला. इथिओपियातल्या घरांत पाहुणा आला की घरातली स्त्री त्याच्यासमोर कच्चे दाणे धुते, निखाऱ्यावरच्या तव्यात भाजते आणि धुरासकट तो तवा सर्वांसमोर फिरवते, म्हणजे प्रत्येकाला वास घेता यावा. मग दाणे कुटायचे, ‘जेबेना’ नावाच्या मातीच्या सुरईत उकळायचे आणि तीनदा ओतायचे. त्या तीन फेऱ्यांना अबोल, तोना आणि बराका अशी नावे आहेत. इथिओपिया आपल्या कॉफीपैकी जवळजवळ निम्मी स्वतःच पिते. जिथून दाणा जगभर गेला तिथे भाजणे अजून घरातच आहे.

बाकीच्या जगातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॉफी बहुधा घरीच भाजली जाई. अमेरिकेत किराणा दुकानातून कच्चे दाणे आणायचे आणि लोखंडी तव्यात परतायचे, हा रिवाज होता. यादवी युद्धातल्या उत्तरेच्या सैनिकांनाही शिध्यात कॉफी मिळे आणि कच्चे दाणे आले तर ते छावणीच्या जाळावर भाजत. त्याच धामधुमीत, १८६४ साली, न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सने एका यंत्राचे पेटंट घेतले. आचेवरून न उतरवता भाजलेले दाणे आपोआप बाहेर काढणारा हा पिंप होता. मोठ्या प्रमाणावर, सलग भाजणे त्यामुळे सोपे झाले. भाजलेला दाणा शिळा होतो, ही अडचण मात्र उरली. पिट्सबर्गच्या जॉन अर्बकलने १८६८ मध्ये दाण्यांवर अंडे आणि साखरेचा मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि १८७३ पासून ‘अरिओसा’ नावाने एकेक पौंडाची पाकिटे बाजारात आणली. पाकिटात पेपरमिंटची कांडी असे. पश्चिमेकडच्या गुराख्यांपर्यंत ती पोचली. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सनी हवा काढून घेतलेला डबा आणला आणि कॉफी भाजणे हे घरकामांच्या यादीतून निघून गेले.

याचे दुःख करण्याआधी ते काम कोणाचे होते हे आठवावे. धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात उभे राहून दाणे सतत हलवत राहायचे, एक क्षण दुर्लक्ष झाले की सगळे करपायचे, आणि हे दर काही दिवसांनी. बहुतेक घरांत हे बायकांच्याच वाट्याला येई. तयार पाकिटाने त्यांचा एक त्रास कमी केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर दाण्याची पारख घरातून गेली. कारखान्याला वर्षभर एकच चव हवी असते. त्यासाठी दहा ठिकाणचा माल मिसळायचा आणि गडद भाजायचा, हा सोपा मार्ग. त्यात पिकवणाऱ्याचे नाव आपोआप विरघळते.

मुंबईत हाच बदल एका दुकानातून दिसतो. १८८८ साली पेस्तनजी एदलजी दलाल या तेरा वर्षांच्या पारशी मुलाने कॉफी भाजून-दळून विकण्याचा छोटा धंदा सुरू केला. ज्यांना कॉफी परवडे त्यांच्या घरी तोवर दाणे आणून भाजण्याचीच रीत होती. हाच पुढे ‘पोल्सन’. चिकोरी मिसळलेली त्याची ‘फ्रेंच कॉफी’ नावाजली. १९३० साली त्याने आणंदला लोण्याचा कारखाना काढला आणि ‘पोल्सन लावणे’ हा शब्दप्रयोग खुशामतीसाठी रूढ झाला. लोण्याने कॉफीवर अशी मात केली की, पोल्सनची सुरुवात भाजलेल्या बुंदांतून झाली हे आज फारसे कोणाला आठवत नाही. मराठी घरात कॉफी पुढे राहिली ती बहुधा दुधात उकळून, जायफळ-वेलची घालून, पाहुण्यांसाठी किंवा जागरणासाठी. तिथे भाजणीचा प्रश्नच उरला नाही.

दक्षिणेत तो जास्त काळ जिवंत होता. तमिळ आणि कन्नड घरांत कच्चे दाणे आणून, कोळशाच्या शेगडीवर हाताने फिरवायच्या लोखंडी पिंपात भाजायचे आणि हातचक्कीत दळायचे, ही आठवण अनेक वृद्ध सांगतात. ‘पीबेरी’ किती आणि ‘प्लँटेशन ए’ किती, यावर घराघरांत मतभेद असत. माटुंग्याच्या दुकानांतून आजही गिऱ्हाईक असे प्रमाण सांगून समोर दळून घेते, ती याच पारखेची उरलेली खूण.

तरीही ‘पीबेरी’ हा दर्जा झाला. बाग कोणती, हे कोणालाच ठाऊक नसे. त्याचे कारण कायद्यात होते. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ तुटली तेव्हा भारतीय मळेवाले बुडू नयेत म्हणून सरकारने हात दिला, आणि १९४२ च्या कायद्याने सारे पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात देण्याचे बंधन घातले. संकटात ही मदतच होती. पण युद्ध संपले तरी बंधन राहिले. चिकमगळूरच्या उंच उतारावर निगुतीने पिकवलेला दाणा आणि शेजारचा हलगर्जीपणे वाळवलेला दाणा दर्जानुसार एकाच राशीत जात. पैसे हप्त्याहप्त्याने, दीर्घ काळ येत. बाबा बुदान यांनी येमेनमधून सात दाणे लपवून आणले, अशी ज्या डोंगराची आख्यायिका, त्या डोंगराचे नावही ग्राहकाच्या पाकिटावर दिसत नसे. १९९२ पासून ही पकड ढिली होत गेली आणि १९९६ मध्ये मळेवाल्याला आपली सगळी कॉफी स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली.

योगायोग असा की, त्याच १९९६ साली अमेरिकेत केनेथ डेव्हिड्स यांचे घरी कॉफी भाजण्यावरचे पुस्तक निघाले. तिथे जमीन आधीच तयार झाली होती. आल्फ्रेड पीट यांनी १९६६ मध्ये बर्कलीत ताजी भाजलेली कॉफी विकायला सुरुवात केली होती. एर्ना नटसेन या नॉर्वेत जन्मलेल्या व्यापारी स्त्रीने १९७४ मध्ये ‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द रूढ केला. चव तपासण्याच्या पुरुषी खोलीत शिरायलाच तिला झगडावे लागले होते. विशिष्ट हवामानात पिकलेल्या, वेगळ्या चवीच्या दाण्याला वेगळी ओळख हवी, हा तिचा आग्रह. पुढे शंभरपैकी ऐंशी गुणांवरच्या कॉफीला हे नाव देण्याचा संकेत पडला. हौशी लोकांनी मक्याच्या लाह्यांच्या गरम हवेच्या यंत्रात कच्चे दाणे टाकून पाहिले आणि ते सात-आठ मिनिटांत भाजून निघाले. एकेक पौंड कच्चा दाणा, बागेच्या नावासकट, घरपोच विकणारी दुकाने निघाली.

आता भारतातही असे दाणे मिळतात. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू खोऱ्याची अरेबिका तसेच वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. पाकिटावर बाग, उंची, दाण्याची जात, तो धुऊन वाळवला की फळासकट, हे सारे छापलेले असते. घरी भाजायला मोठे यंत्र लागत नाही. जाड बुडाची कढई, शंभर-दीडशे ग्रॅम दाणे, उघडी खिडकी आणि दहा-पंधरा मिनिटे सतत हलता हात पुरतो. तडतड ऐकायची, रंग पाहायचा, वेळेवर उतरवून पसरट चाळणीत झटपट गार करायचे. वजन बारा ते वीस टक्के घटते. मग दाण्यातला वायू निघून जाण्यासाठी एक-दोन दिवस थांबायचे.

ही पारख आपल्याला परकी नाही. दिवाळीच्या चकलीची भाजणी घरी करणाऱ्या बाईला तांदूळ, हरभराडाळ आणि उडीदडाळ वेगवेगळी का भाजायची, धने कधी टाकायचे आणि कोणत्या वासाला आच बंद करायची, हे घड्याळाशिवाय कळते. तयार भाजणीचे पुडे आले तेव्हा तिची सोय झाली, आणि पुढच्या पिढीचे नाक अडाणी राहिले. कॉफीचेही तसेच झाले.

घरगुती भाजणीने जगाचा कॉफीव्यापार बदलणार नाही. ती हौस आहे, थोडी महाग आहे, आणि बहुतेक छोट्या शेतकऱ्यांचा माल आजही व्यापाऱ्याच्या पोत्यात निनावी मिसळतो. तरी ज्याने एकदा दोन बागांचे दाणे एकाच कढईत पाठोपाठ भाजून दोन वेगळ्या चवी चाखल्या, तो पुढे दुकानात गेला की पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही. दाणा कुठला, हे विचारतो. मळ्यातल्या माणसाच्या मेहनतीला दाम मिळायचा तर तो या प्रश्नापासूनच मिळू लागेल. प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक वाढले की व्यापाऱ्याला पोत्यावर नाव लिहावे लागते.