‘भाऊबंदकी’ : नाटकातली आणि नागपूरची

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आलं १९०९ साली. लोकमान्य तेव्हा मंडालेला होते आणि खाडिलकर ‘केसरी’ सांभाळत होते. दोनच वर्षांपूर्वी सुरतेला काँग्रेस फुटली होती. ते अधिवेशन खरं म्हणजे आपल्या नागपूरला भरायचं होतं, पण इथल्या जहाल-मवाळांच्या भांडणापायी ते सुरतेला हलवलं गेलं. तेव्हा ‘भाऊबंदकी’ हा शब्द त्या वेळच्या प्रेक्षकाच्या कानाला नुसता पेशवाईतला वाटला असेल, असं आम्हाला वाटत नाही.

कथा आपल्याला ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. नुकतीच अठरा वर्षं पूर्ण केलेले नारायणराव पेशवे गारद्यांच्या हातून मारले जातात, तेही चुलत्याच्या, राघोबादादांच्या डोळ्यांदेखत. चुलता गादीवर बसतो आणि रामशास्त्री प्रभुणे त्यालाच दोषी ठरवतात. घरातलं पातक चव्हाट्यावर आणणारा न्यायाधीश म्हटल्यावर नाटक रंगणारच.

पण लोकांच्या ध्यानात राहिलं ते वेगळंच. ‘ध’चा ‘मा’! राघोबांनी लिहिलं ‘धरावे’, आनंदीबाईंनी केलं ‘मारावे’. तो कागद आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. वाक्प्रचार मात्र घरोघर पोचला. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे ही गोष्ट काय काम करते तेही पाहावं लागतं. ती पातकाची वाटणी करते. पुरुषाला महत्त्वाकांक्षा तेवढी ठेवते, खून बाईच्या पदरात टाकते. अहो, पण पगारासाठी खवळलेले हत्यारबंद गारदी राज्य करणाऱ्या पेशव्यावर सोडायचे आणि म्हणायचं, आम्ही फक्त धरायला सांगितलं होतं! एक अक्षर बदललं नसतं, तरी त्या दुपारी काय होणार होतं, हे राघोबांना कळत नव्हतं असं मानायचं का?

आता आपल्या गावाकडे येऊ. १७७२ साली जानोजी भोसले वारले. पोटी मूल नव्हतं. त्यांनी धाकटा भाऊ मुधोजी याचा मुलगा रघुजी दत्तक घेतलेला. पण दुसरा भाऊ साबाजी उभा राहिला, जानोजींची पत्नी दर्याबाई त्याच्या बाजूला गेली, आणि पुण्याच्या दरबारानं सेनासाहेबसुभ्याचा मान साबाजीला दिला. मुधोजीला पुण्यात पेशवाच बदलायला हवा होता. त्याचे वकील तेव्हा पुण्यातच होते, राघोबांशी त्यांची खलबतं चालली होती; कटाच्या हकिगतींत त्यांची नावं येतात. राघोबा गादीवर येताच वारं फिरलं आणि नागपूरचा मान रघुजीकडे, म्हणजे व्यवहारात मुधोजीकडे आला. एवढा मोठा स्वार्थ बाजूला ठेवून आपण एका बाईच्या बोरूकडे बोट दाखवत बसलो.

पुढचं नागपुरातच घडलं. जानेवारी १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत, उमरेडच्या वाटेवर, मुधोजीनं भावावर स्वतः गोळी झाडली. साबाजी तिथेच संपला. हे निदान उघड्या मैदानात झालं. दोनच महिन्यांनी राघोबा सुरतेला इंग्रजांशी तह करून मोकळे झाले.

मग आला १८१७ चा फेब्रुवारी. दुसऱ्या रघुजींचा दुबळा मुलगा परसोजी एके सकाळी अंथरुणात मेलेला सापडला. राज्य ज्याच्या हाती, तो चुलतभाऊ अप्पासाहेब त्या वेळी चांद्याला. सोयीचंच होतं! मरण नैसर्गिक आहे असं सांगितलं गेलं, अप्पासाहेब गादीवर बसला आणि इंग्रजांनी त्याला मान्यताही दिली. सीताबर्डीची लढाई झाली ती नोव्हेंबरात. इंग्रजांना अप्पासाहेब नकोसा झाला आणि त्यानंतर, १८१८ साली, रेसिडेंट जेंकिन्सच्या दप्तरात परसोजीच्या खुनाचा पुरावा जमा झाला. इथे रामशास्त्री कुणी नव्हते. वाड्यातलं गुपित फोडलं ते ज्यांना वाडाच हवा होता त्यांनी.