मावळातील जलाशय, गाळ आणि तरता पडदा

मावळातील धरणांच्या इतिहासात भिंतींची व विजेची चर्चा पुष्कळ झाली. पाण्याच्या नितळपणाची मात्र फारशी झालेली नाही. वस्तुतः खोपोलीच्या योजनेत नितळ पाणी ही यंत्राचीच गरज होती. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० साली स्थापन झाली, १९११ मध्ये वळवण येथे धरणाची कोनशिला बसली व १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईस मिळू लागली. लोणावळा, वळवण व शिरोता या तलावांचे पाणी खंडाळ्याच्या कुंडातून सुमारे १,७०० फूट खाली पेल्टन चक्रांवर येऊन आदळते. अशा झोतात वाळू आली की चक्राच्या वाट्या झिजतात. म्हणून हे तलाव साठ्याचे खरे, तसेच निवळणीचेही होत.

कणाचा व्यास दसपट घटला की त्याचा बुडण्याचा वेग शंभरपट घटतो, हा स्टोक्सचा नियम १८५१ चा आहे. वाळू तत्काळ तळ गाठते. दोन सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणमातीस मात्र संथ पाण्यातही मीटरभर उतरण्यास सुमारे तीन दिवस लागतात. उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ खणून शेतात टाकण्याच्या जुन्या रीतीत हा प्रश्न उद्भवत नव्हता. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेनेही तीच वाट धरली. तथापि जो तलाव कधी कोरडा पडू द्यावयाचा नाही, त्यात पाण्याखालीच उपसा करावा लागतो, आणि तेथे तरत्या पडद्याचे काम पडते.

तरंडांना टांगलेले व खालच्या काठास साखळीचे वजन दिलेले हे जाड कापड पाणी गाळते, अशी समजूत आहे. ती चुकीची होय. पाणी बव्हंशी पडद्याखालून निघून जाते. पडदा केवळ ढवळलेल्या पाण्यास अडवून गाळ बसण्यास अवधी देतो. प्रवाह सेकंदाला अर्ध्या मीटरच्या पुढे गेला की पडदा फुगून वर उचलला जातो. तेव्हा मावळच्या पावसाळ्यात ओढ्यांच्या मुखाशी तो लावणे व्यर्थच. पाणी ओढून घेणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी लावण्यापेक्षाही उपसायंत्राभोवती वेढा घालणे श्रेयस्कर. दिवाळीनंतरचा काळ त्यास अनुकूल, परंतु त्याच काळात पातळी उतरत जाते. पडद्याची लांबी वेळोवेळी कमी केली नाही तर त्याचा काठ तळावर घासून स्वतःच गढूळपणा निर्माण करतो.

उपसलेला गाळ कोठे जावा, हा प्रश्न यंत्रशास्त्राच्या बाहेरचा आहे. शेजारच्या मुळशीत धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली सत्याग्रह झाला. तलावांच्या तळाशी आज साठलेली माती याच डोंगरउतारांवरून व शेतांतून वाहून आलेली आहे.